सातपुड्यातल्या शाळा पाहताना : मोलगी, धडगाव, तोरणमाळ

नंदुरबार

जानेवारीत नंदुरबारला उतरलं की शहर दिसायच्या आधी मिरचीचा वास येतो. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत घातलेली असते, बायका डोक्यातोंडाला फडकी गुंडाळून ती खालीवर करत असतात आणि रिक्षात बसल्या जागी आपल्याला ठसका लागतो. सोबत माझी मैत्रीण होती. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत करून ती नुकतीच निवृत्त झाली आहे. तिच्या ओळखीचे एक केंद्रप्रमुख (आसपासच्या काही शाळांचं मिळून एक केंद्र असतं, त्यावर देखरेख ठेवणारे अधिकारी) अक्कलकुवा तालुक्यात आहेत. "ताई, आकडेवारीचे तक्ते बघून आमच्याबद्दल मत करून घेऊ नका. एकदा येऊन वर्गात बसा," असं ते तिला कधीचं सांगत होते. हा प्रवास त्यांच्या बोलावण्यावरून झाला.

तक्ते काय सांगतात ते आधी लिहिते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. लोकसंख्येत आदिवासी सुमारे ६९ टक्के. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२.३४ टक्के होती, नंदुरबारची ६४.३८, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. २०१८ मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांची यादी काढली, तिच्यातही नंदुरबार आहे. जिल्ह्याच्या वरच्या अंगाचे अक्कलकुवा आणि अक्राणी (मुख्य गाव धडगाव) हे दोन तालुके सातपुड्याच्या डोंगरांत आहेत. आम्हाला तिकडेच जायचं होतं.

निघायच्या आधी माणिक चौकात बालहुतात्मा शिरीषकुमारच्या स्मारकापाशी थांबलो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांवर इथे गोळीबार झाला होता. शाळा पाहायला निघालेल्या माणसाने इथे दोन मिनिटं थांबावं असं मला मनापासून वाटतं.

जाणाऱ्यांसाठी : कुठल्याही शाळेत थेट जाऊन उभं राहू नका. गटशिक्षणाधिकाऱ्यांना आधी पत्र द्या, केंद्रप्रमुखांशी फोनवर बोलून घ्या. आमचं हे काम दोन फोनमध्ये झालं. मुलांचे फोटो काढू नयेत, आणि काढलेच तर कुठे टाकू नयेत.

देवगोई घाट आणि मोलगी

अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढला की हवा बदलते. खाली शाल पुरत होती, वर स्वेटरवर शाल घ्यावी लागली. मोलगीच्या पुढे डाब गावाच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत गवतावरचं दव गोठतं हे ऐकून होतो. आम्ही पहाटे मुद्दाम उठून गेलो, तर एका झोपडीच्या छपरावर आणि शेताच्या बांधावर पांढरा थर खरोखर होता. बोट लावलं तर बर्फाचा पापुद्रा. महाराष्ट्रात हे पाहायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं. त्याच रस्त्याने थोड्या वेळाने मुलं शाळेत निघाली होती. काहींच्या अंगात स्वेटर होते, काहींच्या पायात काहीच नव्हतं.

पहिली शाळा एका पाड्यावरची, पहिली ते चौथी. दोन खोल्या, दोन शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबात साठपर्यंत पट (शाळेत नाव असलेली मुलं) असेल तर दोन शिक्षक मिळतात, आणि वर्ग चार असले तरी शिक्षक दोनच राहतात. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. एक इयत्ता फळ्याकडे तोंड करून बसते, दुसरी भिंतीवरच्या बुटक्या फळ्याकडे. तिसरीला वजाबाकी देऊन गुरुजी चौथीकडे वळतात, तोवर तिसरीतली दोन मुलं खिडकीत. यात गुरुजींचा दोष नाही. मैत्रीण म्हणाली, "माझ्याकडे एका वर्गात पन्नास मुलं असायची, पण ती सगळी एकाच पानावर असायची."

पटावर चाळीसच्या आसपास नावं होती, समोर निम्मी मुलंसुद्धा नव्हती. आधी वाटलं, थंडीमुळे असेल. गुरुजींनी हजेरीपत्रक पुढे केलं. दिवाळीपर्यंतची पानं भरलेली, मग एकेका नावापुढे ओळच्या ओळ रिकामी. घरंच्या घरं गुजरातेत गेली आहेत, कोणी ऊसतोडीला, कोणी सौराष्ट्रात शेतमजुरीला. दिवाळीनंतर जातात, होळीला परततात. होळी हा इथला सगळ्यात मोठा सण, त्यासाठी माणूस कुठूनही येतो. म्हणजे जून ते दिवाळी शाळा, होळीनंतर पुन्हा थोडी शाळा आणि मधले महिने उसाच्या फडात.

गावाबाहेर जाणाऱ्या मुलाला शाळा शिक्षण हमी पत्रक देते, ते दाखवलं की जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून. गुरुजींनी ती पत्रकं नेमाने दिली होती. पण फडाजवळची शाळा गुजराती माध्यमाची. घरी भिलोरी बोली, इकडच्या शाळेत मराठी आणि तिकडच्या शाळेत गुजराती, हे आठ वर्षांच्या मुलाने कसं पेलायचं? बहुतेक मुलं तिकडे धाकट्या भावंडांना सांभाळत बसतात.

काही मुलं मागे राहतात ती आजीमुळे. दुपारी एका घरी गेलो. आजीने तीन नातवंडं ठेवून घेतली होती. "मी ठेवते. शाळेत खायला भेटतं, घरी मी आहे. पण मी मेले तर ही पण जातील," ती सरळ म्हणाली. केंद्रप्रमुख सांगत होते की स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण तिचा प्रस्ताव वेळेत जावा लागतो आणि घरं निघून जायच्या आत ते सुरू व्हावं लागतं. नोव्हेंबर उलटल्यावर मंजुरी आली तर ठेवायला मूलच नसतं. एवढ्या साध्या गोष्टीवर मुलाचं अख्खं वर्ष अवलंबून असावं, याचा मला फार त्रास झाला.

जेवण शाळेतच केलं. खिचडी, वरून उडदाची डाळ, बाजूला तिखटजाळ चटणी. डाळ स्वयंपाकी मावशींनी आमच्यासाठी घरून आणली होती. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य असा नियम आहे. मावशींना महिन्याला २,५०० रुपये मानधन मिळतं. पाणी त्या टेकडीखालून आणतात. चुलीपाशी बसून त्यांनी आम्हाला प्रत्येक मुलाची माहिती दिली : कोणाचा बाप दारू पितो, कोण उपाशी येतं, कोणाला कमी दिसतं म्हणून ते फळ्यापाशी बसतं. शेवटची गोष्ट गुरुजींनाही माहीत नव्हती. त्यांनी तिथल्या तिथे वहीत लिहून घेतली.

जाणाऱ्यांसाठी : मोलगीत राहायची सोय साधी आहे, आधी सांगून ठेवा. रोख पैसे खालूनच घेऊन जा. नेटवर्क एका वळणावर येतं आणि पुढच्या वळणावर जातं. शाळेची ऑनलाइन माहिती भरायला शिक्षक संध्याकाळी टेकडीवर का चढतात, ते तिथे गेल्यावर कळतं.

बाजाराचा दिवस

आठवडी बाजाराच्या दिवशी शाळा अर्धी रिकामी असते, म्हणून आम्हीही बाजारात गेलो. रंगीत ओढण्या, चांदीचे दागिने, कोंबड्या, मिठाच्या गोण्या आणि जीपच्या टपावर बसलेली माणसं. एका कोपऱ्यात आदल्या दिवशी वर्गात पाहिलेला चौथीतला मुलगा आईबरोबर भगर विकत होता. मैत्रिणीने दीड किलो मागितली. भाव ऐंशी रुपये किलो. तिने दोनशेची नोट पुढे केली, आणि तिने पिशवी उघडायच्या आत मुलाने ऐंशी रुपये परत दिले. बोटं मोजली नाहीत, आईकडे पाहिलं नाही.

आदल्याच दिवशी याच मुलाला कागदावरची हातच्याची वजाबाकी आली नव्हती. दोनशेतून एकशेवीस गेले की ऐंशी उरतात हे त्याला पक्कं ठाऊक आहे, ते आडव्या रेषेखाली मांडायचं कसं हे ठाऊक नाही. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटाने कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर असाच अभ्यास केला होता, तो २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. बाजारातल्या मुलांना तोंडी व्यवहार येतो, शाळेतली उदाहरणं येत नाहीत. आणि नुसत्या शाळेत जाणाऱ्या मुलांची गत नेमकी उलटी. मला ते दिल्ली-कोलकात्याचं वाटलं होतं. मोलगीत ते माझ्यापुढे भगर मोजत होतं.

केंद्रप्रमुखांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग परीक्षा कोणाची घ्यायची, मुलाची की आमची? त्याला येतं तिथून सुरुवात करायला आम्हाला कोणी शिकवलंच नाही." पुढच्या शिक्षण परिषदेत केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांपुढे हाच विषय ठेवायचं त्यांनी ठरवलं : बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पहिला तास बाजारातल्या हिशेबाचा.

धडगाव

मोलगीहून धडगावचा रस्ता डोंगर उतरतो-चढतो, आणि लांबवर अस्तंभ्याचा सुळका सोबत करत राहतो. दिवाळीत तिथे यात्रेला गर्दी होते. इकडे घरची बोली पावरी.

इथे पाहिलेल्या शाळेबद्दल सविस्तर लिहायला हवं. गुरुजी लातूरकडचे. पहिल्या नेमणुकीवर आले तेव्हा मुलांचं बोलणं कळत नव्हतं आणि मुलांना त्यांचं. अवघड क्षेत्रात काही वर्षं काढली की बदलीत प्राधान्य मिळतं, त्यांना ते मिळतही होतं, तरी ते थांबले. कारण विचारलं तर म्हणाले, "आत्ता कुठे मला त्यांचं बोलणं येतंय. आता जाऊन काय करू?"

त्यांची पहिली इयत्ता पुस्तकाने सुरू होत नाही. भिंतीवर पाड्याचं मोठं चित्र आहे, ते मुलांनी आणि गुरुजींनी मिळून काढलेलं : झोपड्या, नदी, महू, बकऱ्या, होळीचा ढोल. पहिले काही महिने मुलं त्या चित्राबद्दल पावरीत बोलतात. गुरुजी त्यातली वाक्यं तशीच देवनागरीत लिहितात, मुलांना तीच वाचायला लावतात, आणि मग हळूहळू शेजारी मराठी वाक्य येतं. मुलं त्यांना अरे-तुरे करतात, बोलीत तशीच रीत आहे. एक चिमुरडी त्यांचा हात ओढत म्हणाली, "सर, तू इकडे बस ना!" आणि गुरुजी खाली बसले.

मैत्रिणीने चाचणीचे कार्ड नेले होते. 'असर'च्या पाहणीत करतात तसंच : आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट. 'प्रथम' संस्था २००५ पासून देशभर ही पाहणी घडवून आणते. २०२४ च्या पाहणीत देशातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली. म्हणजे ही अडचण फक्त सातपुड्याची नाही.

आधीच्या एका शाळेत तिसरीतल्या मुलीने हीच गोष्ट आमच्यापुढे वाचली होती. बोट अक्षराखाली, ओठ घट्ट, एकेक अक्षर सुटं. सगळं बरोबर वाचलं. गोष्टीत काय झालं विचारलं तर ती गप्प. मैत्रिणीने कार्ड बाजूला ठेवून चित्र दाखवलं आणि गावातल्या ताईला तिच्या बोलीत विचारायला सांगितलं. मग ती मुलगी थांबेचना. विहीर, बकरी, पळून गेलेला मुलगा, त्याला रागावलेली आई, सगळं तिने स्वतःहून रचलं. तक्त्यात तिची नोंद 'गोष्ट वाचते, समजत नाही' अशी होईल. धडगावच्या या शाळेतली तिसरीची मुलं तीच गोष्ट अडखळत वाचत होती, पण मध्येच थांबून हसत होती, कारण त्यांना कळत होतं काय चाललंय ते.

याच गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले. ही मुलं मठ्ठ आहेत, पालकांना पर्वा नाही, शिक्षक काम करत नाहीत, अशी तीन उत्तरं शहरात तयार असतात. शिक्षक काही ठिकाणी खरंच कमी पडतात. शहाद्या-तळोद्याहून रोज अप-डाऊन करणारे आहेत, दुपारीच कुलूप लागलेली एक शाळाही आम्ही पाहिली. पण निकाल घसरतो तो मुख्यतः दोन गोष्टींनी : पहिल्या दिवसापासून मुलाला न कळणाऱ्या भाषेत शाळा सुरू होते, आणि वर्षाचे चार-पाच महिने ते गावातच नसतं. या दोन्हींवर उपाय आहेत. ते महागही नाहीत. फक्त ते इथे राहून करावे लागतात.

शिक्षकांचा वेळ कुठे जातो हेही पाहिलं. यू-डायस (शाळेची सरकारला द्यायची ऑनलाइन माहिती), आधार, अपार आयडी (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक), पोषण आहाराची रोजची नोंद, मतदार यादीचं काम. एका मुलाचं नाव जन्मदाखल्यावर वेगळं, आधारवर वेगळं, रजिस्टरवर तिसरंच. आधार जुळलं नाही तर मूल संचमान्यतेत (पटावरून शाळेला किती शिक्षक हे ठरवण्याच्या हिशेबात) धरलं जात नाही, पट कमी दिसतो आणि शिक्षकाचं पद जातं. म्हणून गुरुजी शनिवारी पालकांना घेऊन आधार केंद्रात रांगेत उभे असतात. तोही शिकवण्याचाच वेळ.

जाणाऱ्यांसाठी : धडगावात जेवणाची चांगली सोय आहे. कोणी घरी बोलावलं तर ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ नक्की खा. मागच्या पावसात दरडी कुठे आल्या होत्या ते चालकाला विचारून घ्या. २०२१ मध्ये चांदसैली घाट दरड कोसळून बंद पडला होता, आणि पावसाळ्यात त्या वाटेचा भरवसा अजूनही नसतो.

तोरणमाळ

तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास उंचीवर. यशवंत तलावावर सकाळी धुकं होतं, सीताखाईच्या कड्यावर वाऱ्याने उभं राहू दिलं नाही. पर्यटक म्हणून आलात तर दोन दिवस आनंदात जातील. आम्ही मात्र वेगळ्या कारणासाठी आलो होतो.

२०२३ मध्ये शिक्षण विभागाने समूह शाळांचा विचार पुढे आणला : वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांमधली मुलं एका मोठ्या शाळेत आणायची. तेव्हा पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि इथलं तोरणमाळ ही दोन नावं नमुना म्हणून घेतली गेली. राज्यात अशा कमी पटाच्या १४,७८३ शाळा असल्याचं तेव्हा सांगितलं होतं. त्यांत १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक. पुढे १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने कमी पटाच्या वरच्या वर्गांच्या शिक्षकांवरच टाच आली.

मोठ्या शाळेचे फायदे मला दिसतात. प्रत्येक वर्गाला शिक्षक, प्रयोगशाळा, मैदान, बरोबरीची मुलं. पाड्यावर चौथी झालेल्या मुलीला पुढे शिकायचं तर निवासी शाळेवाचून आज दुसरी वाटच नाही. पण पहिलीचं काय? आसपासच्या एका पाड्यावर अंगणात बसून आयांशी बोललो. एकीने विचारलं, "सहा वर्षांचं पोर रात्री उठलं तर कोणाजवळ जाईल?" दुसरी म्हणाली, "शाळा इथे आहे म्हणून मी पाठवते. गाडी येईल म्हणतात. नाही आली तर?" कायद्यात पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हवी असं आहे. इथला एक किलोमीटर म्हणजे मधली दरी उतरून पुन्हा चढणं, आणि पावसाळ्यात ओढा.

मैत्रीण आणि मी यावर रात्री बराच वेळ बोललो. तिचं मत आधी मोठ्या शाळेकडे झुकलेलं होतं. ती म्हणाली, "चौथीपर्यंत पाड्यावरच, मग पुढे मोठी शाळा. आणि पाड्यावरच्या शाळेत त्यांची बोली येणारं एक माणूस तरी हवं, शिक्षक नसला तर गावातली शिकलेली मुलगी." मलाही हेच पटतं. दहा मुलांसाठी शाळा चालवणं परवडत नाही हा हिशेब मी ऐकला आहे. ती दहा मुलं शाळेतून कायमची गेली तर काय परवडतं, हे त्या हिशेबात लिहिलेलं नसतं.

शहादा, प्रकाशा आणि परत

उतरताना शहाद्याला शेवभाजी खाल्ली, प्रकाशाला तापीच्या काठावर थोडं बसलो आणि रात्रीची गाडी पकडली.

अनेकजण विचारतात, काय पाठवू? केंद्रप्रमुखांना विचारून लिहिते. जुने कपडे आणि जुनी पाठ्यपुस्तकं पाठवू नका. मोठी चित्रं आणि पानावर एकदोन ओळी असलेली गोष्टींची पुस्तकं हवीत, प्रत्येकाच्या चार-पाच प्रती, म्हणजे गटात वाचता येतं. थंडीच्या आधी स्वेटर, पण मापं विचारून. डोळे तपासणारं कोणी ओळखीचं असेल तर त्यांना सांगा.

आणि स्वतः जाऊन शिकवायची इच्छा असेल तर होळीनंतर जा. तेव्हा फडावरून परतलेली मुलं वर्गात असतात आणि एप्रिल अखेरपर्यंत त्यांचं राहिलेलं भरून काढायला हाताला माणूस कमी पडतो. त्या वेळी केंद्रप्रमुख चार शाळांत सकाळचा जादा तास लावणार आहेत : इयत्तेप्रमाणे न बसवता जो जिथवर वाचू शकतो त्याप्रमाणे गट, रोज दीड तास, फक्त वाचन आणि हिशेब. मैत्रिणीने त्यातली एक शाळा घेतली आहे. आजीची तीन नातवंडं त्याच शाळेत आहेत, आणि पावरी नाही तरी भिलोरीतली शंभरेक वाक्यं तोवर पाठ करायची म्हणून ती रोज संध्याकाळी गावातल्या त्या ताईला फोन लावते.